घरी केलेले बोर्डो मिश्रण बरोबर झाले का? शेतावरच करता येणाऱ्या तपासण्या

अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर, राहाता, पारनेर भागात डाळिंब, श्रीगोंदा-कर्जतकडे कागदी लिंबू आणि शेवगाव-पाथर्डी पट्ट्यात संत्रा-मोसंबी अशी फळबागांची सर्वसाधारण विभागणी आहे. पिके वेगळी असली तरी या सगळ्या बागांत एक औषध हमखास वापरले जाते. ते शेतकरी सहसा स्वतः पिंपात तयार करतो. ते म्हणजे बोर्डो मिश्रण. डाळिंबात छाटणीनंतर आणि विश्रांतीच्या काळात तेलकट डाग व बुरशीजन्य रोगांसाठी, लिंबूवर्गीय झाडांत डिंक्या आणि खैऱ्या रोगांसाठी त्याची शिफारस असते.

कंपनीच्या औषधाच्या पुडीवर घटकाचे प्रमाण, बॅच क्रमांक, मुदत छापलेली असते. त्यात खोट निघाली तर जाब विचारता येतो. बोर्डो मिश्रणाच्या पिंपावर काहीच छापलेले नसते. मोरचूद एका दुकानातला, चुना दुसरीकडचा, पाणी आपल्या विहिरीचे आणि ढवळणारा आपला माणूस. मिश्रण बिघडले तर दोन गोष्टी होतात. एक तर त्यात मोकळे तांबे राहते आणि कोवळी पाने, फुले, फळांची साल करपते. नाहीतर तांबे कमी पडते आणि रोग तसाच वाढत राहतो. दोन्ही गोष्टी फवारणीनंतर कळतात, तेव्हा हातात काही उरलेले नसते. म्हणून फवारणीआधीची दहा मिनिटे तपासणीला द्यावीत. त्यासाठी लागणारे बहुतेक साहित्य घरातच असते.

पिंपात नेमके काय होते

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते पाण्यात पूर्ण विरघळते आणि द्रावण आम्लधर्मी होते. या विरघळलेल्या तांब्यानेच पाने करपतात. त्यात चुन्याचे पाणी मिसळले की तांबे पाण्यातून बाहेर पडून निळ्या, मऊ, जेलीसारख्या कणांच्या रूपात तरंगते. हे कण पानावर चिकटून बसतात आणि ओलावा मिळेल तसे थोडे थोडे तांबे सोडतात. बुरशीचे बीजाणू मारायला ते पुरते, पानाला मात्र इजा होत नाही. म्हणजे चांगल्या मिश्रणात तांबे भरपूर असते, पण ते पाण्यात विरघळलेले नसते. पुढच्या बहुतेक तपासण्या हीच एक गोष्ट पाहतात.

फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळच्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांनी घड खाऊ नयेत म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडत असत. त्या वेली केवड्यापासून वाचल्या, हे मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले आणि 1885 मध्ये त्याने ही कृती प्रसिद्ध केली. तेव्हापासून कृती फारशी बदललेली नाही. 1 टक्का मिश्रणासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी. 200 लिटरच्या पिंपाला दोन्ही 2-2 किलो. खोडाला लावायच्या 10 टक्के बोर्डो पेस्टसाठी 1 किलो, 1 किलो आणि 10 लिटर पाणी.

आता एक हिशेब लक्षात ठेवावा, तो पुढे कामाला येतो. 1 किलो मोरचुदातील सगळे तांबे पाण्यातून काढायला शुद्ध कळीचा चुना जेमतेम 225 ग्रॅम लागतो. विरलेला (भिजवून पूड झालेला) शुद्ध चुना घेतला तर सुमारे 300 ग्रॅम. आपण मात्र 1 किलो घेतो, कारण बाजारातला चुना शुद्ध नसतो आणि थोडा चुना जास्त असलेला कोवळ्या पानांना सुरक्षित असतो. याचा अर्थ असा की, मोरचुदाइतकाच चुना घालूनही मिश्रणात मोकळे तांबे सापडले, तर चूक थोडीथोडकी नाही. चुना बहुतांशी निकामी आहे, किंवा त्याचे खडे न विरता फडक्यात राहिले आहेत.

आधी चुना तपासावा

बिघडलेल्या मिश्रणांत मोरचुदापेक्षा चुन्याचा दोष जास्त वेळा निघतो. लोक मोरचूद निवडून घेतात आणि चुना मिळेल तो. चुना हवेत उघडा राहिला की हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पुन्हा चुनखडीचा भुगा होतो. रंग पांढराच राहतो, पण मोरचुदाला निष्प्रभ करण्याची ताकद संपलेली असते. गेल्या हंगामातील अर्धे उघडे पोते हे त्याचे ठरलेले उदाहरण.

कळीच्या चुन्याचा मुठीएवढा खडा प्लॅस्टिकच्या बादलीत ठेवून त्यावर थोडे पाणी शिंपडावे. ताजा चुना काही मिनिटांत तापतो, चुरचुरतो, वाफ सोडतो आणि फुलून त्याची पूड होते. नुसता भिजून थंड बसला तर तो चुना बोर्डोसाठी घेऊ नये. हे करताना तोंड बाजूला ठेवावे, डोळ्यांवर चष्मा असावा. चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा सतत धुवावा आणि दवाखाना गाठावा.

पिशवीतील विरलेला चुना पाण्याने तापत नाही, त्यामुळे त्याला ही तपासणी लागू पडत नाही. त्यासाठी लिंबू घ्यावे. चमचाभर चुन्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकावे. सोड्यावर लिंबू पिळल्यासारखा जोरात फेस आला तर त्यात चुनखडीच जास्त आहे. एखाद-दुसरा बुडबुडा आला तर हरकत नाही, तेवढी अशुद्धता असतेच.

खात्री करायची असेल तर चुन्याची निवळी काढावी. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चमचाभर चुना ढवळावा, खाली बसू द्यावा आणि वरचे नितळ पाणी दुसऱ्या ग्लासात ओतावे. त्यात नळीने मिनिटभर फुंकर मारावी. जिवंत चुन्याची निवळी दुधाळ होते, मेलेल्या चुन्याची होत नाही. नळीतून फक्त फुंकायचे, ओढायचे नाही. लहान मुलांकडून हा प्रयोग करवून घेऊ नये.

मोरचूद: रंग फसवतो

चांगला मोरचूद गडद निळा, काचेसारखा चमकदार खड्यांचा असतो. उन्हाळ्यात आपल्याकडच्या कोरड्या हवेत खड्यांवर पांढुरकी पूड धरते. ती भेसळ नव्हे. खड्यातील थोडे पाणी उडून गेलेले असते. ओल्या बोटाच्या हातमोज्याने पुसले की निळा रंग परत येतो. हिरवट झाक असलेल्या मालाबाबत मात्र सावध राहावे. स्वस्तातील हिराकस म्हणजे फेरस सल्फेट मिसळल्याची ती खूण असू शकते.

ओळखण्यासाठी चमचाभर मोरचूद ग्लासभर पाण्यात विरघळवून त्यात चुन्याची निवळी हळूहळू घालावी. शुद्ध मोरचुदाचा साका आकाशी निळा पडतो आणि तसाच राहतो. हिराकस असेल तर साका मळकट हिरवा दिसतो आणि तासाभरात वरच्या बाजूने तांबूस-तपकिरी होऊ लागतो, कारण लोह हवेत गंजते. ही तपासणी सर्वात सोपी आणि बऱ्यापैकी भरवशाची आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्या भागातील अनेक विहिरी-बोअरचे पाणी जड आणि क्षारयुक्त आहे. अशा पाण्यात शुद्ध मोरचूदही किंचित गढूळ, फिकट दिसतो, कारण पाण्यातील बायकार्बोनेट थोडे तांबे खाली बसवतात. एवढ्यावरून दुकानदाराशी भांडू नये. तपासणी पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात करावी. बोर्डो बनवायला मात्र जड पाणी चालते.

दुसरी तपासणी तापवण्याची आहे. चिमूटभर मोरचुदाची पूड खापरावर घेऊन उघड्यावर मंद आचेवर तापवावी. निळी पूड पांढरी होते. थंड झाल्यावर पाण्याचा थेंब टाकला की पुन्हा निळी होते. तापवल्यावर पिवळसर-तपकिरी डाग राहिले तर लोहाचा संशय घ्यावा. स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत, आच मोठी करू नये, धुराजवळ वाकू नये.

कृषी सहायक आणि सेवा केंद्र चालकांनी जवळ अमोनियाच्या द्रावणाची छोटी बाटली ठेवायला हरकत नाही. मोरचुदाच्या द्रावणात ते थेंब थेंब टाकल्यास आधी फिकट निळा साका येतो. आणखी टाकल्यास तो विरघळून शाईसारखे गडद निळे, पारदर्शक द्रावण होते. तळाशी तपकिरी किंवा हिरवट गाळ उरला तर तो लोहाचा. अमोनियाची वाफ डोळ्या-नाकाला झोंबते, म्हणून मोकळ्या हवेतच हाताळावे.

या तपासण्या भेसळ आहे की नाही एवढेच सांगतात. तांबे नेमके किती टक्के, हे घरी कळत नाही. शुद्ध मोरचुदात तांबे सुमारे 25.5 टक्के असते आणि सूक्ष्म अन्नद्रव्य खत म्हणून विकल्या जाणाऱ्या कॉपर सल्फेटसाठी खत नियंत्रण आदेश, 1985 मध्ये किमान 24 टक्क्यांची अट आहे. संशय असेल तर पक्के बिल आणि मूळ पिशवी जपून ठेवावी व पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. कारवाईसाठी ग्राह्य नमुना गुणवत्ता नियंत्रण निरीक्षकानेच घ्यावा लागतो. आपण बाटलीत भरून नेलेला नमुना फक्त आपल्या माहितीसाठी उपयोगी पडतो.

मिसळण्याचा क्रम

मोरचूद बारीक करून किंवा फडक्यात बांधून आदल्या रात्री 50 लिटर पाण्यात लोंबकळत ठेवावा. चुना वेगळ्या भांड्यात थोड्या पाण्यात विरवून, पूर्ण थंड झाल्यावर, 50 लिटरपर्यंत पाणी घालून गाळून घ्यावा. मग दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतावीत, किंवा मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या द्रावणात सावकाश ओतत लाकडी काठीने ढवळावे. उलटे, म्हणजे चुना मोरचुदात ओतू नये. दोन्ही घट्ट द्रावणे मिसळून नंतर पाणी वाढवण्याची सवयही वाईट. चुना गरम असताना मिसळला तरी तेच होते. कण जाड, रवाळ पडतात, लवकर खाली बसतात, नोझल तुंबतात आणि पानावर टिकत नाहीत. लोखंडी, जस्ताची किंवा ॲल्युमिनियमची भांडी अजिबात नकोत. प्लॅस्टिक, माती किंवा लाकूड चालते.

तयार मिश्रणाची तपासणी

खिळ्याची किंवा विळ्याची तपासणी सगळ्यांनी ऐकलेली असते, पण ती नीट केली जात नाही. साधा लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते पॉलिश कागदाने घासून चकचकीत करावे, साबणाने धुऊन तेलकटपणा काढावा आणि मिश्रणात 2 ते 3 मिनिटे धरावे. बाहेर काढून धुतल्यावर त्यावर तांबूस थर दिसला तर मिश्रणात मोकळे तांबे आहे. ते फवारू नये. थर नसेल तर मिश्रण ठीक. स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा सुरी वापरू नये, त्यावर तांबे नीट चढत नाही आणि बिघडलेले मिश्रणही पास होते. जस्ताचा मुलामा दिलेल्या खिळ्यावर काळपट थर येतो आणि गोंधळ होतो. खिळ्याबद्दल शंका असेल तर त्याच डब्यातला दुसरा घासलेला खिळा आधी नुसत्या मोरचुदाच्या पाण्यात बुडवून पाहावा. तिथे तो लगेच तांबडा झाला पाहिजे. तिथेही झाला नाही, तर खिळाच कामाचा नाही.

त्याहून सोपी तपासणी पाण्याच्या ग्लासाची. तयार मिश्रण काचेच्या ग्लासात भरून तासभर हलवू नये. कण खाली बसल्यावर वरचे पाणी रंगहीन दिसले पाहिजे. मागे पांढरा कागद धरून पाहावे. वरच्या पाण्यात निळसर झाक असेल तर तांबे विरघळलेलेच आहे. याच ग्लासात मिश्रणाचा पोतही कळतो. चांगले मिश्रण ढगासारखे सावकाश बसते. पाच-दहा मिनिटांतच तळाशी वाळूसारखा गाळ आणि वर स्वच्छ पाणी दिसले, तर मिसळताना चूक झाली आहे. त्यात मोकळे तांबे नसले तरी ते पानावर नीट चिकटणार नाही.

सामू पाहण्यासाठी लिटमस कागद स्वस्त आणि सोपा. निळा लिटमस लाल झाला तर मिश्रण आम्लधर्मी आहे, चुना वाढवावा. लाल लिटमस निळा झाला तर ठीक. लिटमस नसेल तर हळद आहेच. हळदीला चुना लागला की ती लाल होते, पारंपरिक कुंकू याच गुणावर बनते. पांढऱ्या कागदावर हळदीचे पाणी लावून वाळवावे आणि त्यावर मिश्रण बसल्यानंतरच्या नितळ पाण्याचा थेंब टाकावा. शेजारी आपल्या विहिरीच्या साध्या पाण्याचाही थेंब टाकावा, कारण क्षारयुक्त पाण्यानेही हळद थोडी लालसर होऊ शकते. मिश्रणाचा डाग स्पष्टपणे जास्त लाल हवा. हळद पिवळीच राहिली तर विळ्याची तपासणी पुन्हा करावी. आम्लधर्मी मिश्रणातही हळद पिवळीच दिसते, म्हणून एकट्या हळदीवर निर्णय घेऊ नये.

फुंकरीची जुनी तपासणीही चांगली आहे. बशीत थोडे मिश्रण घेऊन त्यावर अर्धा मिनिट हळुवार फुंकर मारावी. पृष्ठभागावर सायीसारखा पातळ पापुद्रा आला तर चुना पुरेसा आहे.

मोकळे तांबे सापडले तर पिंप ओतून देण्याची गरज नाही. ताजा चुना पाण्यात विरवून गाळून घ्यावा आणि 100 लिटरला सुमारे 100 ग्रॅम चुन्याचे दूध घालून ढवळावे. नवा घासलेला खिळा घेऊन पुन्हा पाहावे. थर येणे थांबेपर्यंत असे करावे. तोच जुना चुना आणखी घालत बसण्यात अर्थ नाही. तो निकामी असल्यानेच ही वेळ आलेली असते. याच्या उलट भीतीपोटी चुना दुप्पट-तिप्पट घालणारेही आहेत. त्याने पाने करपत नाहीत हे खरे, पण नोझल तुंबतात, पानांवर पांढरा थर बसतो आणि तांबे फार सावकाश सुटते.

तपासणी पास झाली तरी

बोर्डो मिश्रण त्याच दिवशी संपवावे. रात्रभर ठेवलेल्या मिश्रणातील मऊ कणांचे हळूहळू रवे होतात आणि चिकटपणा जातो. खिळ्याच्या तपासणीत हे दिसत नाही, म्हणून कालचे मिश्रण आज पास झाले तरी ते चांगले समजू नये. वेगवेगळी ठेवलेली मोरचुदाची आणि चुन्याची द्रावणे मात्र झाकून ठेवल्यास टिकतात. मजूर आले नाहीत तर ती मिसळू नयेत, एवढे सांभाळले तरी माल वाया जात नाही.

चांगले मिश्रणही ढगाळ, दमट हवेत, पाने तासन् तास ओली राहत असताना फवारले तर करपा येऊ शकतो. पाऊस आणि दवातील आम्लधर्मी ओलाव्याने तांबे जास्त सुटते. सकाळी पाने सुकल्यावर, पुढे ऊन मिळेल अशा वेळी फवारावे. फुलोऱ्यात टाळावे. कोवळी पालवी असताना तीव्रता किती घ्यायची, हे पीक आणि अवस्थेनुसार ठरते. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ किंवा बाभळेश्वर व दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रांतील तज्ज्ञांना विचारून घ्यावे. बोर्डोत कीटकनाशक मिसळू नये. मिश्रण विम्लधर्मी असल्याने अनेक कीटकनाशके त्यात विघटित होतात, म्हणजे कीडही मरत नाही आणि पैसेही जातात.

मोरचूद विषारी आहे. निळे चकचकीत खडे मुलांना खडीसाखरेसारखे वाटतात, त्यामुळे ते घरात उघडे, खाण्याच्या वस्तूंजवळ किंवा थंड पेयांच्या बाटलीत ठेवू नयेत. चव घेऊन ओळखण्याचा प्रकार कुठेकुठे चालतो, तो पूर्ण बंद करावा. पोटात गेल्यास घरगुती उपाय न करता, पिशवीसह, ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

जिल्ह्यात बागेत मेंढ्या बसवण्याची पद्धत आहे, म्हणून एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. मेंढ्यांना तांबे इतर जनावरांपेक्षा फार कमी प्रमाणातही सोसत नाही. ते यकृतात साठत जाते आणि बराच काळ काही न दिसता मेंढी अचानक दगावते. बोर्डो फवारलेल्या झाडांखालचे गवत मेंढ्यांना चारू नये आणि मेंढपाळाला फवारणीची कल्पना आधी द्यावी. पिंप धुतलेले पाणी शेततळ्यात, विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नये, माशांना ते घातक असते. उरलेले मिश्रण त्याच बागेतील खोडांवर फवारून संपवावे.